वास्तू कोणाची, आठवण कोणाची?

इंदुरात पत्ता सांगण्याची एक जुनी रीत आहे. रस्त्याचे सरकारी नाव कोणी घेत नाही. ‘रीगलपाशी उतरा’, ‘मधुमिलनवरून वळा’, ‘सपना-संगीता रोडवर आहे’, असे सांगितले की रिक्षावाल्यास सारे कळते. ही सर्व नावे टॉकिजांची. आजच्या विशीतील मुलास विचारले तर ती चौकांची आणि रस्त्यांची नावे आहेत, एवढेच त्याला ठाऊक असते. चौकाचे नाव टॉकीजवरून पडले की टॉकीजचे चौकावरून, हा प्रश्न त्याला पडत नाही. हैदराबादकडील आमच्या आप्तांचा अनुभवही असाच आहे. सिकंदराबादेत पॅरेडाइज टॉकीज होते. त्याच्या आवारात १९५३ साली एक लहानसे उपाहारगृह सुरू झाले. पुढे टॉकीज गेले, उपाहारगृह बिर्याणीसाठी देशभर प्रसिद्ध झाले, चौकास तेच नाव राहिले आणि आता मेट्रोच्या स्थानकासही तेच आहे. पुण्यास मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे होती. आर्यन तर १९१५ चे, पुण्यातील चित्रपटगृहांच्या अगदी पहिल्या पिढीतले. त्या दोन्ही जागी पुढे महापालिकेची वाहनतळे झाली आणि वाहनतळांनीही तीच नावे धारण केली. जेथे माणसे रांगेत बसत, तेथे वाहने रांगेत उभी राहू लागली. नाव तेवढे टिकले.

जुन्या मोहल्ल्यातील चित्रपटगृह बंद पडले की त्या वास्तूचे उत्तरायुष्य सुरू होते. कुठे गोदाम होते, कुठे मंगल कार्यालय, कुठे कपड्यांचे दुकान, कुठे केवळ कुलूप. अशा वेळी आपण हळहळतो. ‘एक संस्कृती गेली’, असे म्हणतो. ही हळहळ खरी असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हळहळ खरी असली म्हणजे ती न्याय्यही असते काय? ज्या वास्तूवर आपली मालकी नाही, जिच्या दुरुस्तीस आपण एक पैसा दिला नाही आणि जिच्या दारात आपण कित्येक वर्षांत पाऊलही टाकले नाही, तिने आपल्यासाठी जसेच्या तसे उभे राहावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो? हा प्रश्न आम्हांस एका जुन्या प्रसंगामुळे पडला. त्या प्रसंगात आमच्या हातून एक चूक झाली होती, ती सांगितल्यावाचून हा विचार पुढे नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही माळव्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणुकीस होतो. गावाच्या मध्यभागी एक जुने टॉकीज होते. मालक वृद्ध झाले होते. टॉकीज बंद करून त्या जागेचा अन्य उपयोग करण्याची परवानगी त्यांनी मागितली होती आणि त्यांचा अर्ज फिरत फिरत आमच्या टेबलावर आला. त्या पाठोपाठ एक निवेदनही आले. ‘हे टॉकीज आमच्या गावाची शान आहे, ते बंद होऊ देऊ नये’, असा त्याचा आशय होता आणि खाली चार पाने भरून सह्या होत्या. वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, सारे प्रतिष्ठित लोक. मालकांनी आपल्या बाजूने कागद जोडले होते, ते मात्र वेगळेच काही सांगत होते. प्रत्येक खेळाच्या तिकीटविक्रीचा जो रोजचा तक्ता चित्रपटगृहांत ठेवला जातो, त्याच्या त्या प्रती होत्या. कित्येक दिवशी दुपारच्या खेळास दहा-बारा तिकिटे खपली होती. एवढ्या विक्रीत दिव्याचे बिलही निघत नव्हते. तरी विकल्या गेलेल्या प्रत्येक तिकिटातून करमणूक कराच्या रूपाने सरकारचा वाटा त्या काळी ठरलेला असे. तो आधी द्यावा लागे.

कागद स्पष्ट होते. अर्ज नियमात बसत होता. तरीही आम्ही टिपणीत ‘परीक्षण कर पुनः प्रस्तुत करें’ असे लिहून फाइल परत पाठविली. ती पुन्हा आली, पुन्हा काही किरकोळ त्रुटी काढून पाठविली. असे दोन पावसाळे गेले. बाहेर आम्ही ‘जनभावना’ हे कारण सांगत होतो. मनात मात्र आमचे स्वतःचे बालपण होते. इंदुरात रविवारी सकाळच्या खेळास मराठी चित्रपट लागे. आई, मावशी, शेजारच्या वहिनी, डब्यात घेतलेला चिवडा, आणि मध्यंतरात चहूकडून कानावर पडणारी मराठी! घराच्या आणि सभेच्या बाहेर, अनोळखी माणसांच्या तोंडून एवढी मराठी आम्ही फक्त तेथेच ऐकली. ‘सामना’ आम्ही असाच, वडिलांच्या शेजारी बसून पाहिला. त्या आठवणींपायी आम्ही दुसऱ्याच गावातील, दुसऱ्याच एका टॉकीजचे दार उघडे ठेवू पाहत होतो.

परिणाम काय झाला? मालकांनी खेळ बंद केले होते, पण परवानगीवाचून ते पुढे काही करू शकत नव्हते. बंद वास्तू पावसाळ्यात लवकर ढासळते. दुसऱ्या पावसाळ्यात बाल्कनीवरील छपराचा एक भाग खाली आला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पुढे आमची बदली झाली आणि आमच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याने ती फाइल थोड्याच दिवसांत निकालात काढली. त्या वेळी आम्हांस त्याचा किंचित रागही आला होता. आता वाटते, त्याने जे केले तेच आम्ही पहिल्या दिवशी करावयास हवे होते.

येथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या गावी आम्ही तीन वर्षे होतो. त्या तीन वर्षांत त्या टॉकिजात आम्ही सहकुटुंब एकदाच गेलो, तेही नवीन बदलून आलो तेव्हा. घरी दूरचित्रवाणी होती, सीडी लावण्याचे यंत्र होते. टॉकीजच्या खुर्च्या मोडक्या, पंखे आवाज करणारे. निवेदनावर सह्या करणारांपैकी किती जणांनी त्या वर्षात तिकीट काढले होते, हे विचारण्याचे आमच्या मनात अनेकदा आले. विचारले नाही, कारण तो प्रश्न आमच्याकडेही आला असता.

आता तत्त्वाकडे वळू. ‘मिलिंदप्रश्न’ या प्राचीन ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला रथाविषयी विचारतो. रथ म्हणजे चाके काय? आस काय? जू काय? यांपैकी एकही रथ नव्हे आणि यांवेगळाही रथ नाही. या साऱ्यांच्या जुळणीस आपण ‘रथ’ हे नाव देतो, एवढेच. चित्रपटगृहास हा विचार लावून पाहण्यासारखा आहे. टॉकीज म्हणजे भिंती काय? पडदा काय? नाव काय? की तेथे जमणारी माणसे?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील ‘प्रभात’चे उदाहरण घ्यावे. इंदूरकरांस ते विशेष जवळचे, कारण ती जागा इंदूरच्या सरदार किबे घराण्याची. १९३४ साली तेथे ‘प्रभात’ सुरू झाले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली, म्हणजे कंपनी आणि चित्रपटगृह पुण्यात जवळजवळ बरोबरच रुजले. मराठी चित्रपटाचे हक्काचे ठिकाण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे गेले. भाडेकराराची मुदत संपल्यावर २०१४ च्या अखेरीस ‘प्रभात’ या नावाने चालणारे खेळ थांबले, वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पुढे ‘किबे लक्ष्मी’ या नावाने तेथे पुन्हा चित्रपट दाखविले जाऊ लागले. पुष्कळांना त्या वेळी वाईट वाटले. येथे भिंती राहिल्या, पडदा राहिला, काम तेच राहिले. गेले ते नाव. आर्यन आणि मिनर्व्हाचे नेमके उलट झाले: नाव राहिले, बाकी सर्व गेले. आणि तरी दोन्हीकडे हळहळणारे ‘आमचे टॉकीज गेले’ असेच म्हणतात.

तिसरे उदाहरण मुंबईच्या ऑपेरा हाउसचे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नावाप्रमाणे ते संगीत-नाटकांसाठी बांधलेले. बोलपट आल्यावर ते चित्रपटगृह झाले. १९९३ साली बंद पडले. गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीची ती वास्तू. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती नव्या रूपात पुन्हा उघडली. चर्चगेटसमोरचे इरॉस १९३८ चे. तेही काही वर्षे बंद राहून २०२४ साली नव्या पडद्यासह सुरू झाले, परंतु त्या इमारतीचा मोठा भाग आता एका दुकानाने व्यापला आहे. अशी उदाहरणे पाहून आपण म्हणतो, पाहा, इच्छा असली म्हणजे वास्तू वाचते. खरे आहे. परंतु इच्छेबरोबर पैसा, धीर आणि मोक्याची जागा या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. तालुक्याच्या गावातील, पत्र्याच्या छपराच्या टॉकीजचा मालक त्या तिन्ही कोठून आणणार?

ऑपेरा हाउसच्या कथेत आणखी एक बोध आहे, आणि तो हळहळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या चित्रपटगृहासाठी आपण शोक करतो, ते स्वतःच कित्येकदा दुसऱ्या कशाचे तरी उत्तरायुष्य होते. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि बोलपटाचे युग सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांतच आपल्या संगीत नाटक मंडळ्यांची काय अवस्था झाली, हे सर्वश्रुत आहे. गावोगावची नाट्यगृहे चित्रपटगृहे झाली. प्रत्यक्ष बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त काम केले. आमचे आजोबा नाटकवेडे होते. टॉकीजचे नाव काढले की ते तोंड फिरवीत आणि म्हणत की, जेथे जिवंत माणूस गात होता तेथे आता चादरीवर सावल्या नाचतात. आम्हांस तेव्हा त्यांचे हसू येई. आज आम्ही मुलांसमोर जे बोलतो ते ऐकून त्यांना येणारे हसू त्याच जातीचे असावे. शोक करण्याची पाळी पिढीपिढीने येते. म्हणून आपलाच शोक अखेरचा आणि आपलाच तोटा सर्वांत मोठा, असे मानणे हा एक प्रकारचा अहंकार होय.

मग समाजाचा त्या वास्तूवर काहीच अधिकार नाही, असे म्हणावयाचे काय? तसेही नाही. ज्याची जागा त्याची मर्जी, एवढेच सूत्र धरले तर जगात काहीच सामाईक उरणार नाही. चित्रपटगृह हे चारचौघांच्या दुकानासारखे दुकान नव्हते. सार्वजनिक ठिकाण म्हणूनच त्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना लागे. मुंबईत जुन्या चित्रपटगृहाच्या जागी नवी इमारत उभारताना काही आसनांचे चित्रपटगृह राखण्याची अट नियमांत घालण्यात आली होती. म्हणजे कायद्यानेही समाजाचा काही हक्क मानलाच. आणि ज्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे हे जन्मावरून ठरत होते, त्या समाजात काळोखाच्या त्या खोलीत ते तिकिटाच्या दरावरून ठरू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. बाल्कनी आणि स्टॉल हा भेद होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही; पण पैसे साठवून तो ओलांडता येत होता. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा पडद्यावर देवी येताच पायातली चप्पल काढून हात जोडणारे आणि पैसे उधळणारे लोक आम्ही पाहिले आहेत. एकत्र हसण्याची, एकत्र रडण्याची ती जागा होती. तिचे मोल मालकाच्या हिशेबाच्या वहीत मावत नाही, हे आम्हांस मान्य आहे.

प्रश्न असा की, त्या मोलाची किंमत कोणी द्यावी? आमचे मत असे झाले आहे की, सामाईक गोष्टीवरील हक्क हा तिच्यासाठी सोसलेल्या भाराच्या प्रमाणात असतो. तिकीट काढणे हाच तो भार होता, आणि तो काही फार मोठा नव्हता. आशियाई खेळांनंतर घरोघर रंगीत दूरचित्रवाणी आली, १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, व्हिडिओ आला, १९९७ पासून दिल्लीचे पाहून शहरोशहरी मल्टिप्लेक्स आले. शेवटी २०२० च्या मार्चमध्ये महामारीने सर्वच दारे काही महिने बंद केली. ही सारी कारणे खरी आहेत. पण प्रत्येक वेळी घरी राहण्याचा निर्णय आपण घेतला होता. तो घेण्यात काही पाप नव्हते. काळाबरोबर आवड बदलते. अन्याय तेव्हा घडतो, जेव्हा आपण स्वतः घरी राहतो आणि दुसऱ्याने तोटा सोसून आपली आठवण जपावी असा आग्रह धरतो. सह्यांची ती चार पाने म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान होते, आणि आमची टिपणी त्यावरचा सरकारी शिक्का.

या साऱ्या चर्चेत एक पक्ष नेहमीच बाहेर राहतो, आणि त्याची जाणीव आम्हांस फार उशिरा झाली. गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या मुलाच्या विवाहाचे निमंत्रण आले. पत्रिकेवरील मंगल कार्यालयाचे नाव नवे होते. तेथे पोहोचल्यावर कळले की हे तेच टॉकीज. चित्रपटगृहाची जमीन पडद्याकडे उतरती असते, ती भराव घालून सपाट केलेली. पण पूर्ण नाही. जेवणाच्या टेबलांकडे जाताना गालिच्याखालचा तो जुना उतार पायांना जाणवत होता. मागच्या भिंतीत यंत्रघराची दोन चौकोनी भोके तशीच होती. एकातून व्यासपीठावर बसलेल्या वधूवरांवर दिव्याचा झोत टाकला होता. दाराशी एक वृद्ध गृहस्थ राखणीस उभे होते. टॉकीजच्या दिवसांत हेच द्वारपाल होते. हातात टॉर्च घेऊन उशिरा येणाऱ्यास जागा दाखवीत. आम्ही ओळख दिली. त्यांना आमचे नाव आठवले, खातेही आठवले.

आम्ही म्हणालो, “टॉकीज गेले याचे तुम्हांला फार वाईट वाटले असेल.”

ते हसले. म्हणाले, “साहेब, टॉकीज बंद झाले तेव्हा वाचवा म्हणून सही करणारे पुष्कळ लोक आले. दोन वर्षे आम्हां सहा जणांना पगार नव्हता, ते विचारायला कोणी आले नाही. हे कार्यालय झाले आणि मला पुन्हा दारावर उभे राहायला मिळाले. आता लग्नाच्या दिवसांत गर्दी असते. पूर्वी हाउसफुल्लला असायची तशी.”

त्यांना हे ठाऊक नव्हते की त्या दोन वर्षांतील बराच काळ फाइल कोणाच्या टेबलावर होती. आम्हीही सांगितले नाही. सांगावयास हवे होते.

घरी परतताना आम्हांस वाटले, आपण आजवर वास्तूचा विचार केला, आठवणीचा केला, संस्कृती या मोठ्या शब्दाचा केला. ज्यांचे पोट त्या दारावर होते त्यांचा केला नाही. जुन्या वास्तूचे पुढे काय व्हावे, हे ठरविताना पहिला प्रश्न तिच्या आधारे जगणाऱ्यांचा असावा, दुसरा तिचा भार वाहणाऱ्याचा, आणि तिसरा आपल्या आठवणींचा. आम्ही हा क्रम नेमका उलटा लावला होता. आठवणींसाठी काही करू नये असे नव्हे. छायाचित्रे जपता येतात, जुन्या यंत्रचालकांकडून हकीकती लिहून घेता येतात, चौकास पडलेले नाव बदलण्याचा कोणी घाट घातला तर विरोध करता येतो. या गोष्टींचा खर्च आपल्याच अंगावर पडतो, म्हणून त्या करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

आता अखेरचे, आणि वाचकहो, हे थोडे कटू वाटल्यास क्षमा असावी. आपल्या पूर्वजांनी, मायभूमीपासून दूर, पदरमोड करून मराठी सभा उभ्या केल्या, सभागृहे बांधली, ग्रंथालये भरली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, जेथे जेथे आपण जुने रहिवासी आहोत तेथे तेथे अशी एखादी वास्तू आहे. गेल्या वर्षी आपल्या सभेच्या एका व्याख्यानास आम्ही गेलो होतो. वक्ते उत्तम, विषय उत्तम; श्रोते मोजता येतील इतके, आणि त्यांतले बहुतेक आमच्याच वयाचे. सभागृहातील शेवटच्या सात ओळी रिकाम्या होत्या. आम्हांस त्या वृद्ध मालकांनी फाइलला जोडलेले ते तक्ते आठवले.

ही सभागृहे उद्या कोणी मंगल कार्यालयास द्यावयाचे म्हटले तर सह्यांची पाने भरावयास आपण सारे धावून येऊ. त्यावर आमचीही सही असेल. पण त्या वेळी एखाद्या तरुण कार्यवाहाने शांतपणे विचारले की, ‘काका, गेल्या वर्षात आपण किती कार्यक्रमांना आला होतात?’, तर उत्तर आपल्यापाशी असावयास हवे. टॉकीजच्या बाबतीत ते आमच्यापाशी नव्हते. येत्या महिन्याच्या कार्यक्रमास आम्ही नातवाला बरोबर घेऊन जाण्याचे ठरविले आहे. तो कंटाळेल, हे आम्हांस दिसते आहे. आम्हीही आजोबांबरोबर नाटकास जाऊन पुष्कळ कंटाळलो होतो.